परांची : राजगडाच्या तटापासून भोरच्या घरांपर्यंत, भिंतीबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचा इतिहास

१/ राजगडाच्या संजीवनी माचीवर तटाच्या कडेला उभे राहून खाली पाहिले, की बाहेरच्या अंगाला जमीन दिसतच नाही. तट संपतो तिथे कडा सुरू होतो. त्या तटाचा बाहेरचा दगड ज्याने बसवला, तो गवंडी कुठे उभा होता? गडांच्या लढायांवर आपण पुष्कळ वाचतो. आजचा धागा या एका प्रश्नाचा आहे. #धागा #राजगड #भोर #वेल्हे

२/ उंचावर काम करणाऱ्यासाठी जी तात्पुरती चौकट उभारतात तिला मराठीत परांची म्हणतात. काही भागांतले गवंडी तिलाच ‘पहाड’ म्हणतात. शब्द मोठा सूचक आहे : जिथे पाय टेकायला डोंगर नाही, तिथे माणसाने बांबूंचा डोंगर रचायचा. इमारत पूर्ण झाली की हा पहाड उतरवला जातो. त्यामुळे इतिहासात इमारत उरते, परांची उरत नाही.

३/ उंचीचा प्रश्न सोडवण्याची सर्वांत धीट रीत आपल्याच वेरूळला आहे. आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे कैलास लेणे कळसापासून पायाकडे कोरत आणले गेले. कारागीर कातळावरच उभा राहून खाली खाली उतरत गेला. उभा राहण्याचा आधार आणि घडवण्याची वस्तू एकच होती.

४/ बांधकामात मात्र उलटा प्रवास असतो, खालून वर. त्याचे वेल्ह्यातले उदाहरण म्हणजे राजगड. तोरणा ताब्यात आल्यावर तेथे सापडलेल्या धनातून शिवाजी महाराजांनी मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढला, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या व मध्ये बालेकिल्ला, इतका पसारा कड्यांच्या काठाकाठाने उभा राहिला.

५/ पडलेल्या तटाचा छेद नीट पाहिला तर उत्तराची दिशा सापडते. बाहेर व आत घडीव दगडांची तोंडे, मध्ये दगडमातीचा भराव. अशा जाड भिंतीचा प्रत्येक नवा थर हाच पुढच्या थरासाठी ओटा होतो. गवंडी भिंतीवरच उभा राहून, बाहेरच्या बाजूला वाकून, तोंडाचा दगड बसवू शकतो. आज ज्या फांजीवरून आपण चालतो, ती या ओट्याची शेवटची पायरी समजावी.

६/ दगड जवळच मिळत असे. गडांवर कातळ फोडून टाकी खोदली जात आणि निघालेला दगड बांधकामात जाई, म्हणजे पाणी आणि चिरा एकाच घावात. लाकडाचे काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ लावून जतन करावेत, प्रसंगी निदान त्यांचे लाकूड तरी उपयोगी पडेल, अशा अर्थाची सूचना आहे. गडावरचे झाड हे राखीव लाकूडसाठाही होते.

७/ मग परांची लागे कुठे? जिथे भिंत पातळ होते किंवा बाहेरून गिलावा करायचा असतो तिथे. भोर तालुक्यात नसरापूरजवळचे बनेश्वर मंदिर घ्या. इ.स. १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात ते बांधले गेले. पेशवाईतल्या शिखरांवरचे चुनेगच्चीचे काम आतून करता येत नाही. एक थर, तो ओला राखणे, मग दुसरा थर, मग नक्षी. काम रेंगाळते आणि तितका काळ माणूस बाहेर, अधांतरी उभा असतो.

८/ जुनी परांची बांधण्याची एक रीत जगभर सारखीच दिसते. भिंतीपासून काही अंतरावर उभे वासे रोवायचे. त्यांना आडवे बांबू बांधायचे. मग भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या भोकात एक टोक व आडव्या बांबूवर दुसरे टोक, असे छोटे वासे टाकून त्यांवर फळ्या अंथरायच्या. अर्धा भार भिंत घेते, अर्धा वासे घेतात. काम संपले की वासे काढून भोके बुजवायची. कधी ती बुजवायची राहून जातात.

९/ गडावर दिसणारे प्रत्येक भोक मात्र परांचीचे नसते. जंग्या आतून बाहेर तिरप्या उतरतात, कारण त्यांतून खाली मारा करायचा असतो. तुळईची भोके मोठी असतात, भिंतीच्या आतल्या अंगाला आणि मजल्याच्या पातळीवर सापडतात. परांचीची भोके लहान, आडव्या रांगेत आणि एकावर एक ठरावीक अंतराने येतात. ते अंतर बहुधा उभ्या माणसाच्या हाताच्या पल्ल्याएवढे असते. त्या रांगांत कारागिराच्या शरीराचे माप उरलेले असते.

१०/ सह्याद्रीच्या या पट्ट्यात कळक आणि मेस उगवते. बांबू हलका, लवचिक, ताणाला चिवट. काथ्याच्या गाठीने तो हव्या त्या उंचीवर, हव्या त्या कोनात बांधता येतो. भोर-वेल्ह्यासारख्या उताराच्या मुलखात हा मोठा गुण. एक पाय खाली, एक वर असला तरी गाठ सरकवून फळी समपातळीत आणता येते. आज ज्याला आपण जुळवता येणारी परांची म्हणतो, तिचे पहिले रूप ही गाठच होती.

११/ पण गाठीचा दोषही तिथेच आहे. काथ्या भिजतो, वाळतो, सैलावतो, कुजतो. गाठ पक्की आहे की नाही हे बांधणाऱ्याच्या हातालाच ठाऊक. दुसऱ्याने नुसते पाहून ते सांगता येत नाही. चार महिने पाऊस झोडपणाऱ्या प्रदेशात ही अनिश्चितता जीवघेणी ठरते. सुरक्षितता तिथे हातोटीवर अवलंबून असते, आणि तो हात सोडून गेला की ती त्याच्याबरोबर जाते.

१२/ लाकूड महागले की परांचीही महागते, हे जुने सत्य आहे. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने ताजमहालाविषयी ऐकलेली गोष्ट नोंदवली आहे : लाकडाअभावी परांची विटांची रचावी लागली आणि तिचाच खर्च मूळ कामाहून अधिक झाला. आकड्यांत अतिशयोक्ती असेल. तरीही सतराव्या शतकातल्या प्रवाशाला परांची ही दखल घेण्याजोगी गोष्ट वाटली, हे महत्त्वाचे.

१३/ आता भोरला येऊ. पंतसचिवांच्या या राजधानीतला राजवाडा १८६९ सालचा. चौक, लाकडी खांब, तुळया, सज्जे. अशी इमारत एकदा बांधून संपत नाही. दर काही वर्षांनी गिलावा, रंग, कौले, लाकडाची डागडुजी चालूच राहते. परांचीचा खरा इतिहास बांधकामापेक्षा या देखभालीत अधिक आहे, आणि धोकाही तिथेच अधिक. दोन दिवसांच्या कामासाठी पक्की चौकट कोण उभारणार?

१४/ भोरजवळच वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. जुन्या धरणाच्या जागी उभारलेले हे मोठे दगडी धरण १९२८ साली पुरे झाले. लांबी सुमारे १६२५ मीटर, उंची सुमारे ५८ मीटर. तेव्हा त्याला गव्हर्नर लॉइड यांचे नाव होते. आज जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. दगडी धरण म्हणजे एक अजस्र जाड भिंत. थरावर उभे राहून पुढचा थर रचायचा, हे संजीवनी माचीचेच तत्त्व इथेही लागू पडते.

१५/ त्याच सुमारास लंडनमध्ये वेगळे काही घडत होते. १९१३ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याचा दर्शनी भाग नव्या दगडाने मढवला गेला. त्या कामाच्या परांचीसाठी दोराऐवजी डॅनियल पामर जोन्स यांची धातूची जोडकडी वापरली गेली. १९१९ मध्ये त्यांनी तिची सुधारलेली आवृत्ती आणली. पुढे लाकडी वाशांची जागा पोलादी नळ्यांनी घेतली. ४८.३ मिलिमीटर बाह्य व्यासाची ती नळी आज जगभर दिसते.

१६/ या कडीने काय बदलले? गाठीचे ज्ञान हातात होते, ते आता वस्तूत आले. बोल्ट किती आवळायचा हे ठरवता आणि तपासता येऊ लागले. खांबाखाली पत्र्याची बैठक आणि तिच्यावर आट्यांचा जॅक आला. आटे फिरवून प्रत्येक पाय वेगळा वर-खाली करता येतो. उतारावर विटा-दगडांची उतरंड लावण्याची गरज सरली. मात्र जॅक जितका जास्त बाहेर काढावा तितका तो वाकण्याची भीती वाढते, म्हणून त्याला मर्यादा घालावीच लागते.

१७/ परांची कोसळण्याची किंवा तिच्यावरून माणूस पडण्याची मुख्य कारणे चार. पाय जमिनीत रुततो. चौकट तिरक्या आधाराविना बाजूला लवंडते किंवा भिंतीपासून सुटते. टोकाशी न बांधलेली फळी उलटते. कठडा नसल्याने तोल गेलेला माणूस थेट खाली जातो. उपायही चार : बैठकीखाली रुंद फळी, तिरके बांध व भिंतीशी ठरावीक अंतराने जोड, पक्की बसणारी फळी, आणि कठड्यासह पायाशी आडपट्टी. यांत गूढ असे काहीच नाही.

१८/ गूढ नाही, तर मग इतकी वर्षे का लागली? पडणाऱ्याची किंमत कोणी मोजत नव्हते म्हणून. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि एकापेक्षा अधिक मजल्यांच्या इमारतींवर काम करणारे त्याच्या कक्षेत आले. संस्थानी मुलखात ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत आणि भोर १९४८ पर्यंत संस्थान होते. पडणे सारखेच, पण पडल्यानंतरचा हक्क सरहद्दीवर अवलंबून.

१९/ स्वातंत्र्यानंतर १९६६ साली परांची व शिड्यांच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक आले, आयएस ३६९६. मग १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा आणि १९९८ चे केंद्रीय नियम आले. त्या नियमांत परांचीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पण कायद्याला उंबरठा होता : दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना. स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे कामही वगळलेले होते.

२०/ हा उंबरठा भोर-वेल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहा. डोंगरउतारावरचे दुमजली घर, चार माणसे, पावसाआधी बाहेरचा गिलावा उरकण्याची घाई. ही माणसे कायद्याच्या बाहेर उभी होती, जशी ती भिंतीच्याही बाहेर उभी असतात. बांबू अजून आहे, पण तो बांधणारा जुना हात दुर्मीळ होतो आहे. नळी आणि कडी आहेत, पण त्यांचे भाडे छोट्या ठेकेदाराला जड जाते. जुने ज्ञान सुटले आणि नवे साधन पोचले नाही, अशा मधल्या जागेत माणूस पडतो.

२१/ दोष बांबूचा म्हणावा, तर हाँगकाँगच्या गगनचुंबी इमारतींभोवती बांबूच्या परांच्या विसाव्या शतकभर उभ्या राहिल्या. तिथे बांधणारे प्रशिक्षित होते आणि तपासणी होत होती. उलट पोलादी चौकटही जोड, तिरके बांध आणि कठडा गाळून उभारली तर बांबूइतकीच घातक. साधन कोणतेही असो, प्रश्न एकच : काल बांधलेली परांची आज सकाळी वर चढण्यापूर्वी कोणी तपासली का?

२२/ आणि आता वर्तुळ राजगडाशी येते. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून राजगड जागतिक वारसा यादीत आला. जतनाच्या कामात एक पेच आहे. बांधणाऱ्यांनी तट आतून, थराथराने रचला. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तयार तटाच्या बाहेरच्या तोंडाशी पोचायचे आहे. जिथे मूळ गवंड्याला परांची लागली नसेल, तिथे आजच्या गवंड्याला ती लागते, आणि तीही कड्यावर.

२३/ शिवाय वारसा भिंतीत जोडासाठी भोके पाडता येत नाहीत. म्हणजे परांचीने एकतर स्वतःच्या तोलावर उभे राहायचे, मागे भार ठेवून पुढे झुकायचे, किंवा मुळातल्या उघड्या जागांचाच दगडाला इजा न होता आधार घ्यायचा. प्रत्येक पाय वेगळा जुळणारा हवा, सुटे भाग माणसाला खांद्यावर वाहता येतील इतके हलके हवेत, कारण पायथ्यापासून सारे चढवूनच न्यायचे आहे. सुरक्षित आणि जुळवता येणाऱ्या परांचीची याहून कठीण परीक्षा क्वचितच सापडेल.

२४/ रायगडाच्या जगदीश्वर मंदिरापाशी हिरोजी इंदुलकरांचे नाव दगडात कोरलेले आहे. मराठी इतिहासात बांधणाऱ्याला मिळालेला हा दुर्मीळ मान. परांची बांधणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नाही. त्याची निशाणी म्हणजे भिंतीतली बुजवायची राहिलेली चौकोनी भोके. गडाच्या किंवा वाड्याच्या भिंतीत ती रांगेने दिसली तर छायाचित्र काढा, जमिनीपासूनची उंची आणि दोन रांगांतले अंतर लिहून ठेवा, आणि या धाग्याखाली नोंदवा.

२५/ आणि गडावरून परतताना गावात एखाद्या घराचा गिलावा चालू दिसला, तर घटकाभर थांबा. परांचीचे पाय कशावर टेकले आहेत, फळीचे टोक बांधलेले आहे का, कठडा आहे का, एवढेच पाहा. काही सैल दिसले तर वरच्या माणसाला हाक मारून सांगा. (समाप्त)