मुरुडचा ठराव आणि आमची भाऊबीज

दिवाळी तोंडावर आली की माझी संध्याकाळची फेरी नावड्याच्या जुन्या गावठाणाकडे वळते. भोवती सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या, २०२३ पासून जवळच पेंधरपर्यंत मेट्रो आली. पण गावातल्या एका वळणावर पाय अजून रेंगाळतात. तिथे कौलारू घराच्या पडवीला लागून एक खोली होती. आता तिथे तीन मजली घर आहे. त्या खोलीबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. आज लिहितो. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर, तेव्हा सुरुवात १८९३ पासून करू द्या.

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या होत्या, मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या बाया.

विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. म्हणजे कायदा होऊन सदतीस वर्षं झाली होती. वर्गातली मुलं इथे हमखास विचारायची, "सर, मग अडचण कसली?"

अडचण मुरुडची. (आपल्या रायगडातलं जंजिऱ्याचं मुरुड नव्हे, दापोलीजवळचं, कर्व्यांचं गाव.) गावकऱ्यांनी सभा भरवून ठराव केले. कर्वे असतील त्या सभेला कोणी जायचं नाही. आणि ते गावी येऊन घरच्यांकडे राहिले, तर त्या घरच्यांनाही वाळीत टाकायचं.

ठरावाची खरी करामत या शेवटच्या कलमात आहे. कर्वे पुण्यात राहणारे, त्यांना गाव काय करणार? म्हणून शिक्षा ठेवली ती आईला आणि थोरल्या भावाला. मुलाला दारात घेतलंत तर तुमचं पाणी बंद. मग घरची माणसंच दार लावून घेतात. गावाला हातसुद्धा उचलावा लागत नाही.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष म्हणजे आपल्याकडे सणांची रांग. मंगळागौर, गणपती, दिवाळसण. मग दिवस राहिले की डोहाळजेवण, ओटी, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. पहिलं मूल होण्याआधीचा हा काळ नवरा-बायकोचा खरा, पण त्याची गोडी भोवतालच्या घरामुळे असते. बायांच्या वाट्याला त्या दिवसांत सासरचं हे बंद दार आलं. पुढे या जोडप्याला शंकर, दिनकर आणि भास्कर हे मुलगे झाले. कर्व्यांनी त्याच १८९३ साली विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळालं.

हे सगळं मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगत असे. मुलांना मुरुडकरांचा राग यायचा. मला बरं वाटायचं, धडा पोचला म्हणून.

आता ती खोली.

१९७९ च्या सुरुवातीला माझ्या धाकट्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं. मेहुणे तळोज्याच्या कारखान्यात कामाला, म्हणून दोघांनी नावड्यात खोली घेतली. आमच्या घरी काही ठराव वगैरे झाला नाही. आप्पा जेवताना एवढंच म्हणाले, "तिचं नाव या घरात नको. अजून दोघींची लग्नं व्हायचीत." बघा, तेच शेवटचं कलम.

त्या दिवाळीत तिला सातवा महिना होता. मी पेणला शिक्षक. शाळेला सुट्टी. पेणहून पनवेल आणि तिथून नावडे, अर्ध्या दिवसाचंही काम नाही. आईने आदल्या दिवशी एक डबा भरून ओट्यावर ठेवला होता. कोणासाठी ते बोलली नाही, मीही विचारलं नाही. भाऊबीज झाली. डबा तिथेच राहिला.

आप्पा गेल्यावर, १९८६ साली, आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. तेव्हा मला कळलं, की नरकचतुर्दशीच्या पहाटे म्हाताऱ्या आगरी घरमालकिणीने बहिणीला तेल लावून न्हाऊ घातलं होतं. तांदळाचे घावणे आणि वालाचं बिरडं आणून दिलं होतं. पाडव्याला शेजारच्या बायका बोलावून तिची ओटी भरली होती. गावात भातकापणीची घाई चाललेली, तरी. ना नात्याची, ना जातीची.

२०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या वाळीत टाकल्याच्या बातम्या वरचेवर पेपरात येत. कायदा चांगलाच आहे. पण ओट्यावर राहिलेल्या डब्याला कुठलं कलम लावणार? तिथे पंच नव्हते, गाव नव्हतं. इतिहासाचा एक मास्तर होता, ज्याला मुरुडची गोष्ट तोंडपाठ होती.

ही गोष्ट इथे लिहू का, असं मागच्या आठवड्यात बहिणीला फोनवर विचारलं. नातेवाईक हे वाचतात, भाचरं वाचतात. ती म्हणाली, "लिही की. आम्हा दोघांची ती फार छान दिवाळी होती, दादा. हे शिफ्टवरून येताना फुलबाज्यांचा एकच पुडा घेऊन आले होते. तो आम्ही चार दिवस पुरवला." मग थोडं थांबून म्हणाली, "भाऊबीजेला फक्त संध्याकाळपर्यंत दाराला कडी लावली नव्हती."

यंदा भाऊबीजेला सकाळीच निघणार आहे. दरवर्षी जातोच म्हणा.