तुरुंगातले टपाल

इंग्रजी अमदानीत कैद्याचे पत्र ही हक्काची नव्हे, सवलतीची बाब होती. किती पत्रे, कोणाला आणि कशाविषयी, हे अधिकारी ठरवत. येणारे-जाणारे प्रत्येक पत्र आधी त्यांच्या नजरेखालून जाई.

अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये तर वर्षाकाठी एकच पत्र. १९११ साली तेथे पोचलेल्या वि. दा. सावरकरांची पत्रे धाकटे बंधू नारायणराव यांच्या नावे जात. ते कलकत्त्यास वैद्यकीचे शिक्षण घेत होते. वर्षभराचा मजकूर एकाच पत्रात बसवायचा, त्यामुळे घरच्यांची विचारपूस आणि निरोप यांची त्यात दाटी होई. ही पत्रे पुढे ‘अंदमानच्या अंधेरीतून’ या नावाने प्रसिद्ध झाली.

येरवड्यात गांधीजींना बरीच मोकळीक होती. १९३० मध्ये ते साबरमती आश्रमाला दर मंगळवारी आश्रमव्रतांवर एकेक पत्र लिहीत. त्यांचेच ‘मंगल प्रभात’ हे पुस्तक झाले. स्वदेशीवर मात्र त्यांनी तुरुंगातून लिहिले नाही. राजकारणाला स्पर्श न करता त्या विषयाला न्याय देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पहारेकऱ्याने कात्री चालवण्याआधी लिहिणाऱ्यानेच आपला हात आवरला, तो असा. १९३२ मध्ये त्यांच्यासोबत असलेले वल्लभभाई पटेल रद्दी कागदांची पाकिटे करत बसत.

१९४२ नंतर फास आवळला. आगाखान पॅलेसमध्ये पत्रांची मुभा फक्त नातेवाइकांपुरती, तीही घरगुती विषयांवर. आश्रमातील माणसे हेच आपले कुटुंब, असे सांगून गांधीजींनी ती सवलतच नाकारली. अहमदनगरच्या किल्ल्यात मौलाना आझादांनी स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली उर्दू पत्रे टपालात पडलीच नाहीत. ‘गुबार-ए-खातिर’ हा त्यांचा संग्रह १९४६ साली निघाला. तुरुंगाच्या टपालातून निघालेले सर्वांत देखणे गद्य न पाठवलेल्या पत्रांत सापडावे, हे विलक्षणच.

स्वातंत्र्यानंतरही सवलतीची ही दृष्टी सरली नाही. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवण्यास सरकारने मनाई केली. स्थानबद्धतेच्या अटींत अशी बंदी नाही, म्हणून ती बेकायदा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये दिला.