वरोऱ्याचा कोळसा आणि एका फाट्याचा नकाशा

दिल्लीत पोस्टिंग असेल तर एक रविवार चाणक्यपुरीच्या रेल्वे म्युझियमला द्यावा आणि एखादी रजा जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला. सर्व्हेचे जुने कागद तिथे सांभाळून ठेवलेले आहेत. आपल्यासारख्या ग्रिड रेफरन्सवर वाढलेल्या माणसाला जुना नकाशा आधी परकाच वाटतो. कंटूर नाहीत, चढ दाखवायला नुसत्या बारीक रेघा. पण रेल्वेची काळी रेघ तेव्हाही तशीच ठसठशीत.

मी विदर्भातला, म्हणून वर्ध्याहून खाली उतरणारा फाटा आधी शोधतो. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ पासून सरकारने वरोऱ्याला कोळशाची खाण चालवली, आणि त्याच दशकात वर्धा ते वरोरा ही सुमारे ७० किलोमीटरची लाइन टाकली. तिचं नावच होतं 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. नकाशावर ती वरोऱ्याला येऊन थांबते. पुढे चांदा, बल्लारपूर ही गोंड राजांची मोठी ठाणी, पण रेघ तिथवर जात नाही. माणसं कुठे राहतात याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. इंजिनाला जे लागतं ते जिथे निघालं, तिथे ती संपली. हिंगणघाटचा कापूस मात्र वाटेत आयताच मिळाला.

याच हिंगणघाटात विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वारला. मद्रासकडून त्रिकोण मोजत आलेला हा फौजी माणूस, हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. त्याची कबर तिथेच आहे. आपल्या सर्व्हेची माणसं सोडली तर कोण जातं तिथे? मुलुख भोसल्यांचा असतानाच मोजणी सुरू झाली होती. राज्य खालसा झालं त्यानंतर तीस वर्षांनी.

वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. कोळसा संपत आला होता. मग बल्लारपूरला नवी खाण निघाली आणि रेघ पुढे सरकली. १९२९ मध्ये ती काझीपेठला जोडली गेली, तेव्हा कुठे हा कोळशाचा फाटा दिल्ली-मद्रास मुख्य मार्गाचा भाग झाला.

खाणीत उतरणाऱ्यांचं नाव अशा नकाशावर नसतं. विहीर असते, देऊळ असतं, डाक बंगला तर हमखास. तेलंगणा एक्सप्रेसने सुट्टीवर जाणाऱ्या आपल्या दक्षिणेतल्या जवानांनी हिंगणघाटनंतर खिडकीबाहेर जरूर बघावं.