घोरणारा बैल, तळ्यातली गोगलगाय आणि न आलेला रोग

जुलै २०२२मध्ये लातूरहून चुलतभावाचा फोन आला. "आरं, रातीतून सगळं सोयाबीन खाल्लं की गोगलगायीनं. नुसत्या काड्या राह्यल्यात." त्या हंगामात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत हेच चाललं होतं. माणसं पहाटे बादल्या घेऊन शेतात जात आणि गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकत. पंचनामे झाले, भरपाईच्या मागण्या झाल्या. मराठवाड्यात गोगलगायीवर इतकं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ही आफ्रिकी शंखी गोगलगाय मूळची इथली नव्हे. १८४७मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या हौशी शंखसंग्राहकाने मॉरिशसहून आणलेल्या काही गोगलगायी कलकत्त्यात सोडल्या, आणि तिथून तिचा भारतातला प्रवास सुरू झाला असं सांगतात.

मी नांदेडला प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे भावाने फोन केला तो सल्ल्यासाठी. सल्ला दिला, पण फोन ठेवल्यावर डोक्यात राहिली ती दुसरीच गोगलगाय. ती शेतात येत नाही, पीक खात नाही, तिच्यावर कधी पंचनामा होत नाही. ती तळ्यात असते. तिने आमचा एक बैल नेला. आणि तिच्यामुळेच एक मोठा रोग आमच्या मुलखात शिरू शकला नाही.

*

आमचं गाव कंधार तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर गावाने स्वतःच्या हातांनी एक पाझर तलाव खोदला. माझी आईही त्यावर खडी वाहायला होती. त्याआधी गावात बारमाही साचलेलं पाणी असं नव्हतंच. तलाव भरला आणि सगळ्या गावाची गुरं तिथे जाऊ लागली. आम्ही पोरं म्हशींच्या पाठीवर बसून पाण्यात उतरायचो. संध्याकाळी पायांना, मांड्यांना बारीक लाल पुरळ यायचं आणि रात्रभर खाज सुटायची. आजी खोबरेल तेल लावायची आणि म्हणायची, "पाणी लागलंय." चैत्रात तलाव आटला की भेगाळलेल्या चिखलात चपट्या, गोल, पांढऱ्या शिंपल्या पडलेल्या असत. पैशाएवढ्या. आम्ही त्या वेचून बाजार-बाजार खेळायचो.

आमच्या दावणीला लालकंधारी बैलांची जोडी होती. १९७८च्या सुमारास त्यातला एक, तांबड्या, घोरू लागला. झोपेत नव्हे, उभ्या-उभ्या, रवंथ करतानाही. नाकातून शेंबूड गळायचा, कधी त्यात रक्ताची तार दिसायची. दादा म्हणाले, "सर्दी भरलीय." ओव्याची धुरी झाली, हळद-गूळ झाला. तांबड्या दोन तास नांगराला चालला की थांबायचा आणि तोंड उघडून श्वास घ्यायचा. शेवटी दादांनी त्याला मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत नेलं. मी सोबत होतो. एक हेडी आला. त्याने दात पाहिले, खांदा पाहिला, उपरण्याखाली दादांच्या बोटांवर बोटं ठेवली. तेवढ्यात तांबड्याने श्वास घेतला. हेड्याने कान त्याच्या नाकपुडीजवळ नेला आणि उपरण्यातून हात काढून घेतला. पुन्हा कुणी भाव विचारला नाही. आम्ही बैल घेऊन परत चालत आलो. नंतर तो मिळेल त्या पैशाला गेला, जोडी मोडली, आणि पुढच्या मृगाची पेरणी सावडीवर झाली. दादा अखेरपर्यंत म्हणत राहिले की बैलाला कुणाची तरी दृष्ट लागली.

काही वर्षांनी औरंगाबादला एम.एस्सी.साठी गेलो तेव्हा परोपजीवींच्या पुस्तकात तांबड्या भेटला. शिस्टोसोमा नेझेल: गुरांच्या नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहणारा कृमी. नाकात फुलकोबीसारख्या गाठी, रक्तमिश्रित स्राव, घोरण्यासारखा आवाज. १९३०च्या दशकात मद्रासच्या एम. ए. एन. राव यांनी त्याचं वर्णन केलं होतं. औषधही होतं, अँटिमनीची इंजेक्शनं. आणि या कृमीला वाढवणाऱ्या गोगलगायीचं चित्र होतं. चपटी, गोल, पैशाएवढी. इंडोप्लॅनॉर्बिस एग्झस्टस. आमच्या बाजारातलं नाणं.

*

या कृमींचं चक्र असं चालतं. आजारी जनावराच्या नाकातल्या स्रावातून किंवा शेणातून अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून केसाळ अळी बाहेर येते. तिच्याकडे जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात योग्य जातीची गोगलगाय मिळाली नाही तर ती मरते. मिळाली तर तिच्या शरीरात शिरून एकाची हजारो पिल्लं होतात, आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीच्या नव्या अळ्या पाण्यात सुटतात. या अळ्या त्वचेतून थेट आत जातात. पाणी प्यायलाच हवं असं नाही, त्यात उभं राहिलं तरी पुरे.

गुरांच्या कृमीची अळी माणसाच्या कातडीतही शिरते, पण तिथेच मरते. तिच्या मरणाची खूण म्हणजे आमचं ते पुरळ. आजीचं "पाणी लागलंय" हे निदान अगदी बरोबर होतं. जी अळी तांबड्याच्या नाकापर्यंत पोचत होती, ती माझ्या मांडीत अडून मरत होती.

हे एक बंद दार. दुसरं दार समजायला इतिहासात जावं लागतं.

माणसाच्या शिस्टोसोमाचा शोध कैरोत लागला. १८५१मध्ये थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला शवविच्छेदनात तो सापडला. लघवीतून रक्त जाणं हे इजिप्तच्या शेतकऱ्याचं हजारो वर्षांचं दुखणं. रोगाला बिल्हार्झिया हे नाव पडलं, पण तो पसरतो कसा हे पुढची साठ वर्षं कळलं नाही. १९१३मध्ये जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तिथल्या जातीची गोगलगाय शोधली. १९१५मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने रॉबर्ट लायपर यांना इजिप्तला पाठवलं, कारण सैन्य तिथे उतरलं होतं. लायपर यांनी दाखवलं की लघवीच्या बिल्हार्झियाची अळी वाढते ती बुलिनस नावाच्या गोगलगायीत.

त्याच सैन्यात आपली माणसं होती. सुएझ आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर निजामाचे हैदराबाद लान्सर्स होते. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा आणि आजचं लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव. परतणारा एखादा शिपाई शरीरात हा कृमी घेऊन येणं अगदी शक्य होतं. तो घरी येणार, तळ्यावर जाणार, अंडी पाण्यात पडणार. पुढे काय होईल, हा प्रश्न मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतही महत्त्वाचा होता. आज आपण तिला हाफकिन म्हणतो. तिथले ग्लेन लिस्टन, ज्यांचं नाव प्लेग आणि उंदरांवरच्या पिसवांच्या संशोधनामुळे माहीत असतं, आणि त्यांचे सहकारी एम. बी. सोपारकर यांनी १९१८मध्ये गुरांतल्या शिस्टोसोमा स्पिंडेलचं जीवनचक्र मांडलं. त्यांची गोगलगाय तीच होती, माझ्या तलावातली. तेव्हा तिचं नाव प्लॅनॉर्बिस एग्झस्टस होतं. इंडोप्लॅनॉर्बिस हे नाव १९२१मध्ये ॲनॅन्डेल आणि बैनी प्रसाद यांनी दिलं.

आता मुद्द्याची गोष्ट. भारतात बुलिनस नाही. तिची इथली सर्वांत जवळची नातलग म्हणजे ही इंडोप्लॅनॉर्बिस. गावोगावच्या तळ्यांत ती आहे, दुष्काळात चिखलात दडून तग धरते, एकटी गोगलगायही अंडी घालून नवं कुटुंब उभं करू शकते. रोगवाहक म्हणून याहून सोयीची गोगलगाय कुठली असणार? पण माणसाच्या त्या कृमीला ती आत वाढू देत नाही. गुरांचे कृमी तिच्यात आरामात वाढतात, माणसाचा मरतो. हे दुसरं बंद दार.

*

या दाराची किंमत कळायची असेल तर सेनेगलकडे पाहावं. १९८६मध्ये सेनेगल नदीच्या मुखाजवळ दियामा धरण झालं. खारं पाणी थांबलं, कालवे बारमाही वाहू लागले, उसाची शेती पसरली. १९८८च्या सुरुवातीला रिशार-टोल या साखर कारखान्याच्या गावात आतड्याच्या बिल्हार्झियाचे रुग्ण दिसू लागले आणि थोड्याच वर्षांत तो घरोघरी पोचला. नदीतल्या मोठ्या झिंग्यांची ये-जा धरणाने अडवली आणि गोगलगायी खाणारं कुणी उरलं नाही, हेही त्याचं एक कारण मानलं जातं. घानात व्होल्टा नदीवरच्या अकोसोंबो धरणानंतरही असंच झालं.

धरण, कालवा, ऊस, साखर कारखाना, गुडघाभर पाण्यात उभा मजूर. यातलं मराठवाड्यात काय नाही? जायकवाडी आहे, विष्णुपुरी आहे, मांजरा आहे. तिथल्यासारखंच पाणी आपण अडवलं, तसाच ऊस लावला. २०२१मध्ये जगात २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगावरच्या प्रतिबंधक औषधाची गरज होती असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतले सुमारे ९० टक्के आफ्रिकेतले. त्या यादीत नांदेड-लातूर नाही, आणि त्यात आपलं कर्तृत्व काही नाही.

नारूची गोष्ट वेगळी. तोही पाण्यातूनच यायचा. बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालणाऱ्या माणसापासून पाण्यातल्या सायक्लॉप्सपर्यंत आणि तिथून पाणी पिणाऱ्यापर्यंत. तो गेला तो माणसांनी घालवला म्हणून. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, पाण्यात औषध टाकलं, आरोग्यसेवक गावोगाव फिरले, बायांनी फडक्याने पाणी गाळलं. शेवटचा रुग्ण १९९६मध्ये राजस्थानात सापडला, २०००मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. ते यश मिरवायला हरकत नाही. बिल्हार्झियाच्या बाबतीत मात्र आपण फक्त नशीबवान होतो.

आणि हे नशीब सगळीकडे सारखं नव्हतं. महाराष्ट्रात एक दार उघडं सापडलं. १९५२मध्ये आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावात लघवीच्या बिल्हार्झियाचे रुग्ण नोंदवले. ही माणसं कुठून परदेशातून आजारी होऊन आलेली नव्हती. रोग गावच्याच पाण्यातून होत होता. इंडोप्लॅनॉर्बिस तर नकार देते, मग गोगलगाय कोणती? त्यांना मिळाली ती फेरिसिया टेनुइस. तिला वळणदार शंखही नसतो. काही मिलिमीटरची, टोपीसारखी, दगडाला नाहीतर पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली. शोधायला निघालेला माणूसही सहज चुकेल अशी. पुढे १९८१मध्ये हाफकिनच्या गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी गिमवीचा पुन्हा अभ्यास केला. १९९०मध्ये लंडनचे साउथगेट आणि जबलपूरचे अग्रवाल यांनी भारतातल्या मानवी शिस्टोसोमायसिसवर लेख लिहिला तेव्हा त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं.

विद्यार्थ्यांना मी गिमवी शिकवायचो, आणि दर वर्षी वर्गातलं एखादं पोरगं म्हणायचं, "सर, एकच गाव तर आहे." मला तो 'एकच' धीराचा वाटत नाही. सगळे ज्या गोगलगायीकडे पाहत होते तिच्या शेजारच्या दगडावर दुसरीच बसलेली होती, एवढंच तो सांगतो. २०१३च्या सुमारास फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर काव्हू नदीत पोहलेल्या पर्यटकांना हा रोग झाला. नदीत बुलिनस आधीपासून होती, कृमी मात्र बाहेरून आला, आणि तोही माणसाच्या व गुरांच्या जातींचा संकर होता. म्हणजे माणसाचा आणि गुराचा कृमी ही आपण आखलेली रेघ कृमीच पुसू शकतो. माझी दोन दारं त्या रेघेवरच उभी आहेत.

म्हणून मला वाटतं की तळ्यातल्या गोगलगायींची नोंद कुणीतरी ठेवायला हवी, सोयाबीनवरच्या गोगलगायींची ठेवतो तशी. हे काम अवघड नाही. एक जाळी, एक काचेचं भांडं, ऊन आणि धीर लागतो. गोगलगाय भांड्यात ठेवायची आणि पाण्यात दुभंगलेल्या शेपट्या दिसतात का ते भिंगाखाली पाहायचं. बी.एस्सी.ची पोरं करू शकतात, माझ्या पोरांनी केलं आहे.

गेल्या फाल्गुनात गावी गेलो होतो. बैल आता कुणाकडेच फारसे नाहीत, पुतण्याकडे दोन देवणी गाई आहेत. गोठ्यात बसलो होतो, तोच ओळखीचा आवाज कानावर आला. एक गाय घोरत होती. मी उठून तिच्या नाकाशी कान नेला, त्या हेड्याने नेला होता तसा. पुतण्याला सगळं समजावून सांगितलं. उद्याच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावायचं, औषध आहे. आणि गुरांना तलावावर न्यायचं नाही, हौदातलं पाणी पाजायचं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग गोठ्याबाहेरच्या कोरड्या हौदाकडे बोट केलं. "डॉक्टरला बोलवतो काका. पण बोअर आटून महिना झाला. तळ्याबिगर पाणी कुठं हाय?"

आम्ही तलावावर गेलो. पाणी मधोमध डबक्याएवढं उरलं होतं, आणि सगळ्या गावाची गुरं त्याच डबक्यात उभी होती. काठाच्या चिखलात पांढऱ्या शिंपल्या पडल्या होत्या.