परंड्याच्या नावावर फुल्या

काउंटर-स्ट्राइक खेळताना कीबोर्डवरचं ‘वाय’ दाबून लिहिलं की ते सगळ्यांच्या पडद्यावर जातं, ‘यू’ दाबून लिहिलं की फक्त आपल्या टीमला दिसतं. आमच्या पोरांना ‘यू’ कधी लागलंच नाही. शिवी द्यायची तर ती ज्याची त्याला पोचायला नको का?

हे सांगतोय ते उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं. २००५च्या जानेवारीत बीएसएनएलची डेटावन ब्रॉडबँड सुरू झाली. ती आमच्यापर्यंत पोचली तसा मी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत नेट कॅफे टाकला. खाली किराणा दुकान, मध्ये मी, वर दहावीची शिकवणी. मशीन सेकंडहँड, मॉनिटर पोट सुटलेले. सकाळी निकाल पाहणारे आणि फॉर्म भरणारे यायचे, दुपारी चॅटिंगवाले, आणि शाळा सुटली की काउंटर-स्ट्राइकवाले. या गेमला इंटरनेट लागत नसे. सगळी मशीन वायरनं एकमेकांना जोडली की काम भागत होतं. भारनियमनाचा काळ. ऐन रंगात लाइट गेली की दोन्ही टीम मिळून अंधाराला शिव्या देत, तेवढाच काय तो एकोपा.

सुरुवातीला सगळं तोंडी होतं. शेजारी शेजारी बसलेली पोरं, टाइप कशाला करतील? पण एकदा वरचे शिकवणीवाले सर खाली आले आणि म्हणाले, ‘‘मालक, माझ्या वर्गातल्या मुलींना तुमच्याकडचा स्कोअर पाठ झालाय, आणि त्यासोबत बाकीचंही.’’ त्या दिवसापासून ओरडायला बंदी घातली. तोंडं बंद झाली आणि सगळं वाङ्मय चॅटमध्ये उतरलं. आमच्या कॅफेत चॅट रुजलं ते शिकवणीच्या कृपेनं.

ते वाङ्मय मला काउंटरवरच्या मशीनवर दिसायचं, कारण सर्व्हर माझ्याकडे होता. काउंटर-स्ट्राइकच्या सर्व्हरवर एएमएक्स मॉड एक्स नावाचं एक जोडसाधन चालायचं. त्यात शिव्या गाळायची सोय बसवता येत असे. नोटपॅडची एक फाइल, एका ओळीत एक शब्द, आणि त्या शब्दाच्या जागी काय दाखवायचं ते. मशीन दुरुस्त करणारा पोरगा आणि मी, शटर अर्धं ओढून, ती फाइल लिहायला बसलो. आपल्याला किती शिव्या येतात हे असं यादी करायला बसल्याशिवाय माणसाला कळत नाही. ‘भ’ची बाराखडी झाली, आईमाई झाली, मग गल्लीगल्लीचे खास नमुने. खरी पंचाईत स्पेलिंगची. मराठी शिवी रोमन लिपीत कशी लिहावी याचा नियम कुणी घालून दिलेला नाही. कुणी एक ‘ए’ घालतो, कुणी दोन. कुणाच्या ‘झ’ला ‘झेड’, कुणाच्या ‘झ’ला ‘जे-एच’. एका शिवीला सात-आठ ओळी लागायला लागल्या.

शिवीच्या जागी मी ‘नमस्कार’ टाकलं होतं. पहिल्या दिवशी पोरं गोंधळली. दुसऱ्या दिवशी अक्षरांमध्ये टिंबं टाकून लिहायला लागली. आणि आठवडा गेला नसेल, ‘थांब तुला नमस्कार घालतो’, ‘नमस्काराच्या’ असलं सुरू झालं. एका सभ्य शब्दाचा मी माझ्या हातानं सत्यानाश केला. पुढं वाचनात आलं की मोठमोठ्यांचंही तेच झालंय. फिनलंडमध्ये २००० साली निघालेल्या हॅबो हॉटेल या मुलांच्या ऑनलाइन जगात शिवीच्या जागी ‘बॉबा’ असा निरर्थक शब्द यायचा. मुलांनी ‘बॉबा’चीच शिवी केली.

यादीपेक्षा कामी आली ती थप्पड. एएमएक्समध्ये स्लॅप म्हणून एक आज्ञा होती. ती लिहून पुढं खेळाडूचं नाव टाकलं की पडद्यावरचा त्याचा सैनिक फाडकन बाजूला उडायचा, हवं तर थोडं आयुष्यही कमी करता यायचं. सगळ्यांना दिसायचं की अमक्याला बसली. मग मी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा बघायचो. बास. त्यानंही भागलं नाही तर बापाचं नाव घ्यायचं. कोण एसटीतल्या कंडक्टरचा, कोण तहसीलमधल्या शिपायाचा, कुणाची आई अंगणवाडीत, सगळं ठाऊक होतं.

ठाऊक असण्याचा दुसरा एक उपयोग होता, आणि तो मला थपडेपेक्षा मोठा वाटतो. दोन जिवलग मित्र रोज एकमेकांना नको नको ते लिहीत. यादीच्या हिशेबानं ते दोघं सगळ्यांत घाणेरडे. मी त्यांना कधी हात लावला नाही; ते त्यांचं प्रेम होतं. उलट एक पोरगा अगदी शुद्ध मराठीत दुसऱ्याला रोज एवढंच लिहायचा : ‘तुझे वडील कुठे आहेत रे सध्या?’ वडील घर सोडून गेलेले, हे सगळ्या गावाला माहीत. ते वाक्य कुठल्याही गाळणीतून आरपार जातं. त्या पोराला मी कॅफेतून काढला, आणि त्याचे काका भांडायला आले तेव्हा त्यांना वाक्य दाखवलं. ते वाचून निमूट परत गेले.

२०११च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारचे सायबर कॅफेचे नियम आले. येणाऱ्याचं ओळखपत्र पाहा, रजिस्टर ठेवा, ते किमान वर्षभर जपा, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. माझ्याकडे पार्टिशनच नव्हतं, तेव्हा तो खर्च वाचला. नियम पोरांच्या तोंडासाठी नव्हते, दहशतवादी आणि अश्लील मजकुराच्या धास्तीनं केलेले होते. पण रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं नाव, पत्ता, वेळ लिहून बसलेला माणूस चॅटमध्येही जरा सांभाळून असतो, हे मी पाहिलंय.

बाहेरच्या जगात हा खटाटोप कधीचाच चालू होता. अनेकांनी एकत्र खेळायचा पहिला नावाजलेला गेम, मड, इंग्लंडात एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी १९७८ साली सुरू केलेला. तो नुसता मजकुराचा होता, त्यामुळे खेळणं आणि बोलणं यांत फरकच नव्हता. नव्वदच्या दशकात डिस्नेनं मुलांसाठी ऑनलाइन जग करायचं ठरवलं तेव्हा कुणीतरी सुचवलं, शिव्या गाळत बसण्यापेक्षा फक्त निरुपद्रवी शब्दच देऊ, मुलांनी त्यांचीच वाक्यं जुळवावी. रँडी फार्मर या जुन्या जाणकारानं पुढची गंमत लिहून ठेवली आहे. चाचणीसाठी चौदा वर्षांच्या एका मुलाला बसवलं, तर त्यानं बघता बघता जिराफ, ससा असल्या गोजिरवाण्या शब्दांतून असं एक वाक्य जुळवलं की बैठकीतल्या मोठ्या माणसांनी माना खाली घातल्या. हे वाचून मला आमच्या पोरांचा अभिमान वाटला, कारण नमस्काराचं त्यांनीही तेच केलं होतं.

आपल्याकडे मात्र शिवीची व्यवस्था वेगळ्या बुद्धीनं लावलेली दिसते. शिमग्याला बोंब मारायची मुभा आणि शिमगा सरला की गप्प. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड अशी दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया ओढ्याच्या दोन काठांना जमतात आणि हातवारे करून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. तिथं शब्दांची यादी कुणी केली नाही. दिवस ठरवला, जागा ठरवली, आणि मध्ये ओढा ठेवला. माझ्या मते गेमवाल्या कंपन्यांना यातलं निम्मं कळायला वीस वर्षं लागली.

लीग ऑफ लेजंड्स चालवणाऱ्या रायट कंपनीनं २०११ साली ट्रिब्युनल काढलं. तक्रार आलेल्या खेळाडूचं चॅट इतर खेळाडूंनी वाचायचं आणि पंच म्हणून निकाल द्यायचा. पुढं त्यांनी एक साधा बदल केला : समोरच्या टीमशी बोलायची सोय बंद ठेवली, ज्याला हवी त्यानं स्वतः चालू करावी. बदलाआधीच्या आणि नंतरच्या चॅटची त्यांनी तुलना केली तेव्हा वाईट बोलणं सुमारे एक तृतीयांशानं घटलेलं, आणि चॅटचा वापर मात्र तसाच. म्हणजे ओढाच की. त्यांच्याकडे हे काम पाहणारे संशोधक जेफ्री लिन यांनी आणखी एक गोष्ट मांडली. कायम घाण बोलणारे खेळाडू फार थोडे, शेकड्यात एखादा. बहुतेक शिवीगाळ एरवी नीट वागणाऱ्यांची, त्या दिवशी डोकं फिरलेल्यांची. हे मला कुणी विचारलं असतं तर मी काउंटरवरूनच सांगितलं असतं. चाचणी परीक्षेचे मार्क कळायचे त्या संध्याकाळी माझी फाइल पुरत नसे.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात माझ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. तिथं आता मी फॉर्म भरून देतो : पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. पोरं तीच येतात, किंवा त्यांची धाकटी भावंडं, आणि नंबर लागेपर्यंत मोबाइलवर खेळत बसतात. २०१८ साली पबजी मोबाइल आला आणि टायपिंगही संपलं. सगळं बोलून. चौघांची टीम, त्यात दोन आपले मित्र आणि उरलेले दोन कुठले कुठले. या अनोळखींना पोरं ‘रँडम’ म्हणतात. रँडम कधी बिहारचा निघतो, कधी नेपाळचा, कधी आपल्याच कळंबचा आणि ते शेवटपर्यंत कळत नाही. बोललेल्या शिवीवर फुल्या टाकता येत नाहीत. आवाज बंद करायचं बटण आणि तक्रारीचं बटण, एवढीच साधनं.

२ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ चिनी ॲप बंद केली त्यात पबजीही गेला. पुढच्या वर्षी २ जुलैला तो बीजीएमआय या नव्या नावानं आला, २८ जुलै २०२२ला पुन्हा अडवला गेला, मे २०२३मध्ये परतला. या येरझाऱ्यांत अठराच्या आतल्यांसाठी पालकांचा नंबर, दिवसाला तीन तासांची मर्यादा, हे आभासी जग आहे अशी सूचना, असं बरंच काही जोडलं गेलं. भाषा होती तिथंच. अमेरिकेत कॉल ऑफ ड्यूटीनं २०२३च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचं बोलणं यंत्राकडून ऐकवून त्यातली शिवीगाळ टिपायला सुरुवात केली, तीही आधी इंग्रजीपुरती. आमच्याकडची पोरं मराठी, हिंदी, दखनी आणि उमरग्याकडची असतील तर कन्नड, एकाच दमात बोलतात. त्यातली कुठली हाक आहे आणि कुठली शिवी, हे त्या यंत्राला कोण समजावणार?

गेल्या वर्षी परंड्याची चार पोरं जातीच्या दाखल्यासाठी आली होती. परंडा म्हणजे किल्ल्याचं गाव. विजापूरला आज जी मुलूख मैदान तोफ दाखवतात ती मूळची तिथलीच. पोरांनी एका मोबाइल गेममध्ये गावाच्या नावानं टीम काढायला घेतली होती आणि गेम ते नाव घेत नव्हता. चॅटमध्ये लिहिलं तर ‘पी-ए’, मग चार फुल्या, मग ‘ए’. पोरांना वाटलं तालुक्यावर कुणाचा तरी राग आहे. मी कागदावर सात इंग्रजी अक्षरं लिहिली आणि मधली चार गोल केली. बाईमाणसाला द्यायची जुनी शिवी त्यात अख्खी बसलेली. एकजण ‘आयला’ म्हणाला आणि जीभ चावली.

१९९६ साली हेच इंग्लंडातल्या स्कंथॉर्प गावाचं झालं होतं. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या गाळणीला त्या नावाच्या पोटात शिवी सापडली आणि गावकऱ्यांना खातंच उघडता येईना. इतकी वर्षं झाली तरी रोग जात नाही, कारण दुसरीकडून पांघरूण अपुरं पडतं. पूर्ण शब्द जुळला तरच अडवायचं ठरवलं तर पोरं शिवीला मागंपुढं एकेक अक्षर चिकटवून मोकळी होतात. तुकडा जुळला तरी अडवायचं म्हटलं तर परंडा अडकतो. मी पोरांना ‘रँडम’ टाइप करून बघायला सांगितलं. त्यावरही फुल्या! त्या शब्दातली पहिली चार अक्षरं तीच. म्हणजे ज्या शब्दावाचून या खेळात कुणाचं पान हलत नाही, तो शब्दसुद्धा चॅटमध्ये लिहायची सोय नव्हती.

नाव काय ठेवायचं यावर मग माझ्याच बाकड्यावर खल झाला. एकजण म्हणाला जिल्ह्याचं ठेवू. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, कुठलं? २०२३मध्ये नाव बदललं तेव्हापासून चॅटमध्ये त्यावरूनही जुंपते म्हणे, आणि चौघांत दोन्ही बाजूंची पोरं होती. मी प्रिंटरमध्ये कागद घालत होतो, मध्ये पडलो नाही. शेवटी तिसऱ्यानं बाहेर लावलेल्या मोटरसायकलच्या नंबरप्लेटकडे बोट दाखवलं आणि त्यांनी एमएच २५ टाकलं. गेमनं ते लगेच घेतलं. दाखल्याला मात्र आणखी पंधरा दिवस लागले.