बेगड ते चमकी : झगमगाटाचा विसरलेला इतिहास

१/ मराठीत ‘बेगडी’ हे विशेषण आता केवळ निंदेसाठी उरले आहे. बेगडी प्रेम, बेगडी विद्वत्ता, बेगडी देशभक्ती. वरून झगमगाट आणि आत पोकळी असेल, ते सारे बेगडी. ज्या वस्तूवरून हा शब्द आला ते ‘बेगड’ मात्र बहुतेकांनी पाहिलेलेही नाही. ती वस्तू काय होती, ती कोण वापरीत असे, आणि तिची जागा आजच्या ‘चमकी’ने म्हणजे ग्लिटरने कशी घेतली, याचा हा मागोवा.

२/ सुरुवात उरणजवळच्या द्रोणागिरीपासून. संजीवनी घेऊन जाताना मारुतीच्या हातून द्रोणागिरीचा एक तुकडा येथे पडला, अशी येथील डोंगराची आख्यायिका आहे. रामायणातील त्या वनौषधी स्वतःच्या तेजाने चमकणाऱ्या आहेत. आज त्याच नावाने सिडकोची वसाहत उभी आहे. भाद्रपद जवळ आला की पनवेल-उरण पट्ट्यातील अशा वसाहतींत घरोघरी पुठ्ठा, रंग, डिंक, आरसे, लेस आणि चमकीच्या पुड्या बाहेर येतात आणि गणपतीची आरास आकार घेऊ लागते. नाना माध्यमे एकत्र करून सजावट करण्याची ही रीत नवी नाही. नवी आहे ती तिच्यातील चमकी.

३/ बेगड म्हणजे सजावटीसाठीचा अतिशय पातळ, चकचकीत पत्रा. कथील हा धातू मऊ. तो ठोकून कागदासारखा पातळ करता येतो. त्यावर रंगीत रोगण चढवले की रुपेरी कथील लाल, हिरवे वा निळे दिसू लागते. पिवळसर रोगण दिले तर ते थेट सोन्यासारखे भासते. दख्खनेतील रंगीत लाकूडकामात ही युक्ती जुनी आहे. खाली कथील, वर रोगण, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत सोने.

४/ खरे सोनेही या कामात वापरले जाई. सोन्याचांदीचे तुकडे चामड्याच्या पुडांत ठेवून तासन्‌तास ठोकायचे आणि त्यांचा ‘वर्ख’ काढायचा, ही स्वतंत्र कारागिरी होती. परंतु वर्ख ही देवस्थाने, दरबार आणि सावकारांच्या ऐपतीची गोष्ट. ज्याला वर्ख परवडत नाही, पण ज्याच्या घरीही लग्न, सण आणि देव आहेत, त्याच्यासाठी बेगड होते. म्हणजे ‘बेगडी’ हा शब्द ज्या खोटेपणावर बोट ठेवतो, तो मुळात गरिबाने परवडेल त्या धातूत घडवलेला उत्सव होता. ते सोने नाही, हे लावणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही ठाऊक असे. त्यात कोणाची फसवणूक नव्हती.

५/ हे काम करणारे हात कोणाचे? मराठी मुलखात जिनगर आणि चितारी ही नावे प्रथम येतात. ‘जिनगर’ म्हणजे मुळात घोड्याचे खोगीर करणारा. पण चामडे, कापड, कागद, माती आणि रंग या साऱ्यांत हात बसलेले हे लोक मातीच्या मूर्तीही घडवीत. कोकण-गोव्यातील चितारी लाकूडकाम, लाखेचे रंगकाम आणि गणेशमूर्ती ही सारी कामे करीत. आज ज्याला ‘मिश्र माध्यम’ असे भारदस्त नाव आहे, ती या कारागिरांची रोजची उपजीविका होती.

६/ बेगड एका धर्माचेही नव्हते. मोहरमच्या ताबुतांवर बांबूचा सांगाडा, रंगीत कागद, अभ्रक आणि बेगड यांची कलाकुसर असे. १८९३ पूर्वी महाराष्ट्रातील गावोगावच्या ताबुतांत हिंदूही मोठ्या संख्येने सामील होत. १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने वेगळी वाट धरली आणि मिरवणुका निराळ्या झाल्या. बांबू, कागद आणि चकाकी ही सामग्री मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली.

७/ अभ्रक हे जुन्या झगमगाटाचे दुसरे साधन. या खनिजाचे पापुद्रे सुटतात. ते पारदर्शक पत्र्यासारखे वापरता येतात, किंवा कुटून त्यांची भुकटी रंगात आणि गुलालात मिसळता येते. एकोणिसाव्या शतकात मुर्शिदाबाद, पाटणा आणि तिरुचिरापल्ली येथील चित्रकार अभ्रकाच्या पत्र्यांवर चित्रे काढून युरोपीयांना विकत असत. अभ्रक ‘नैसर्गिक’ आहे हे खरे. पण झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात ते वेचण्यासाठी लहान मुले राबत असल्याच्या नोंदी अगदी अलीकडच्या आहेत. निसर्गातून आलेली चकाकीही नेहमीच निर्दोष नसते.

८/ जुन्या रंगांविषयीही भाबडेपणा नको. पिवळा हरताळ हे आर्सेनिकचे संयुग, हिंगूळ पाऱ्याचे, शेंदूर आणि सफेदा शिशाचे. चुकलेल्या अक्षरांवर पिवळा लेप देऊन ती झाकत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. तो लेप विषारी होता. ‘पूर्वी सारे शुद्ध होते’ हे विधान इतिहासात टिकत नाही. टिकते ते इतकेच की पूर्वी हे सारे फार थोडे होते. हाताने ठोकलेला पत्रा आणि खलात घोटलेला रंग महाग असे, म्हणून तो जपून वापरला जाई.

९/ सजवलेली वस्तू टाकून द्यायची नसते, याचे एक ठळक उदाहरण पुण्यात आहे. भाऊसाहेब लक्ष्मण जावळे हे वैद्य होते. त्यांचा कापड रंगवण्याचा व्यवसाय होता, म्हणून ते ‘रंगारी’. १८९२ मध्ये त्यांनी बसवलेला, राक्षसाशी झुंजणारा गणपती लाकूड आणि कागदाचा लगदा यांतून घडवलेला आहे. तो दरवर्षी विसर्जित केला जात नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे तीच मूर्ती उत्सवात आहे.

१०/ दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी आणि सरस्वतीच्या छापील तसबिरी सामान्य घरांच्या भिंतींवर आल्या. मात्र घरांनी त्या जशाच्या तशा ठेवल्या नाहीत. लक्ष्मीच्या साडीवर खरे कापड चिकटवले, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले. अशा ‘नेसवलेल्या’ तसबिरी आज संग्रहालयांत आणि जुन्या वाड्यांत पाहायला मिळतात.

११/ या तसबिरींकडे कलेच्या इतिहासाने बराच काळ दुर्लक्ष केले. मूळ चित्र रविवर्म्यांचे, छपाई यंत्राची. मग सुईदोरा घेऊन बसलेल्या हाताचे नाव कोण नोंदवणार? वास्तविक यंत्राने हजारो प्रती एकसारख्या केल्या होत्या. त्यांतील एक प्रत ‘आमच्या घरची लक्ष्मी’ झाली ती त्या टिकल्यांमुळे. झगमगाटाचे काम येथे स्पष्ट दिसते. विकत घेतलेल्या वस्तूवर घराची मोहोर उमटवणे, हे ते काम.

१२/ आता समुद्रापलीकडे. आधुनिक ग्लिटरचा जन्म १९३४ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी येथे झाला, असे मानले जाते. श्रेय हेन्री रुशमन यांना दिले जाते. त्यापूर्वी युरोपात काचेचा चुरा सजावटीला वापरत. पुढे पॉलिस्टरची पातळ फिल्म आली. तिच्यावर अॅल्युमिनियमचा सूक्ष्म थर द्यायचा, रंगाचा लेप चढवायचा आणि तिचे बारीक तुकडे करायचे. भिंगाखाली पाहिल्यास चमकीचा कण बहुधा षट्कोनी दिसतो, कारण षट्कोन एकमेकांना चिकटून बसतात आणि कापताना फिल्म वाया जात नाही.

१३/ या चमकीने एका अर्थी बेगडाचेच काम पूर्ण केले. कथील ठोकणारा कारागीर नको, रोगण घोटणारा नको; शाळकरी मुलालाही परवडणारी पुडी वाण्याच्या दुकानात आली. शाळेतील कार्यानुभवाचा तास, दिवाळीचा आकाशकंदील, घरगुती शुभेच्छापत्र, गौरीचे मखर, सर्वत्र तिने प्रवेश केला. झगमगाट इतका स्वस्त इतिहासात कधीच नव्हता. आणि म्हणूनच तो जपून वापरण्याचे कारणही उरले नाही.

१४/ द्रोणागिरीहून दक्षिणेला रायगड जिल्ह्यातच पेण आहे. गणेशमूर्तींची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेले हे गाव आणि हमरापूर, जोहे यांसारखी आसपासची गावे वर्षभर मूर्ती घडवतात. शाडूची माती गुजरातहून येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या जोडीला प्लास्टर ऑफ पॅरिस आले. ते हलके, लवकर घट्ट होणारे आणि प्रवासात न तुटणारे असल्याने मागणी वाढली. पेणचे गणपती न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जाऊ लागले. मूर्तीचा जीव डोळ्यांच्या ‘आखणी’त असतो, असे येथील कारागीर मानतात. अलीकडे मात्र गिऱ्हाइकाची नजर आधी मुकुटावरच्या खड्यांकडे आणि पितांबरावरच्या चमकीकडे जाते.

१५/ मग कायदे आले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी घातली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टर आणि थर्माकोल यांना नकार दिला. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, कारण पाच मिलिमीटरहून लहान असलेला तिचा प्रत्येक कण हा जन्मतःच सूक्ष्मप्लास्टिक असतो. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास मुभा दिली, पण परवानगीवाचून नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करता येणार नाही असे बजावले.

१६/ २०२० च्या त्या सूचनांतील एक ओळ इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून वाचावी अशी आहे. मूर्ती आकर्षक करण्यासाठी चकाकी हवी असेल, तर झाडांची नैसर्गिक राळ वापरण्यास उत्तेजन द्यावे, असा तिचा आशय आहे. म्हणजे शासन नकळत चिताऱ्यांच्या रोगणाकडेच परत बोट दाखवते आहे. अडचण एवढीच की सूचना लिहिणे सोपे असते. राळ घोटणारे हात एका पिढीत नाहीसे होऊ शकतात. ते एका परिपत्रकाने परत येत नाहीत.

१७/ या बदलाचा भार कोणावर पडतो, हेही पाहायला हवे. शाडूची मूर्ती वाळायला वेळ लागतो, ती जड असते, वाहतुकीत भंगते. पेणच्या कारखान्यात रंगकाम आणि खडेकाम करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. चमकी लावू नका, असे त्यांना सांगायचे आणि बाजारात मात्र झगमगत्या मूर्तीलाच अधिक दाम मोजायचे, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

१८/ दुसरी बाजू पाण्याची. द्रोणागिरी वसाहत खाडी, खारफुटी आणि जुन्या मिठागरांच्या सान्निध्यात आहे. करंजा आणि मोरा येथील कोळ्यांचा संसार याच पाण्यावर चालतो. कथलाचा पत्रा मोठा असतो, तो दिसतो, काढून ठेवता येतो. चमकीचा कण चिखलात एकदा मिसळला की वेगळा काढता येत नाही. पॉलिस्टर कुजत नाही. त्याचे फक्त आणखी लहान तुकडे होतात.

१९/ येथे ‘बेगडी’ या शब्दाकडे परत यावे लागते. भाषेने बेगडावर ठेवलेला आरोप असा की ते खोटे आहे, त्याची चकाकी टिकणारी नाही. आजच्या चमकीबाबत हा आरोप उलटा झाला आहे. तिचे दुखणे हे की उत्सव दहा दिवसांत संपतो आणि ती संपत नाही. मातीतून आलेला देव मातीत जावा, या कल्पनेवर उभ्या असलेल्या सणात हीच एक वस्तू जायला तयार नसते.

२०/ झगमगाटाची हौस हा दोष नव्हे. ती ताबुतांवर होती, लक्ष्मीच्या तसबिरीवर होती, आणि पुठ्ठ्याचे मखर रंगवणाऱ्या मुलांतही आहे. मात्र ज्यांनी तसबिरीवर टिकल्या शिवल्या त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर ठेवली, आणि भाऊसाहेब रंगारींचा गणपती आजही उत्सवात बसतो. सजवायचे तर पुढच्या वर्षी पुन्हा काढता येईल असे सजवावे, आणि जे पाण्यात सोडायचे त्यावर राळ, रोगण व मातीचे रंग यांखेरीज काही नसावे. जुन्या कारागिरांच्या कामातून एवढा साधा नियम निघतो. यंदाच्या मखराची चमकी खरेदी करण्यापूर्वी तो आठवला तरी पुरे.