पुण्याचे नाव, चविंड्याचे रण

सैन्य म्हणजे पायदळ, हे समीकरण आम्हां सीमावासीयांच्या मनात घट्ट बसले आहे. 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावी असल्याने ते स्वाभाविकच होय. परंतु रणगाड्यांच्या इतिहासातही मराठी मुलखाचे एक नाव आहे, ते 'पूना हॉर्स'चे.

या नावामागे एक बोचरा विरोधाभास आहे. जून 1817 च्या पुण्याच्या तहाने इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून मुलूख तोडून घेतला आणि त्याच्या उत्पन्नावर घोडदळ उभारले. वर्ष संपण्याआधीच ते पेशव्यांविरुद्ध मैदानात होते! पुढे शिपाईही बहुतांशी राजपूत, जाट, शीख झाले. पुणे उरले ते नावात. घोडे गेले, रणगाडे आले.

इंग्रजांनी 1916 मध्ये हे यंत्र गुप्त राखण्यासाठी त्याला पाण्याची टाकी म्हटले. आमच्या भाषेने मात्र 'रणगाडा' हा सरळ शब्द घडविला, आणि तो अधिक खरा आहे. कारण गाड्याचे दैव अखेर जमिनीवर ठरते. निपाणीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतलेला ज्याने पाहिला, त्याला सप्टेंबर 1965 मधील असल उत्तरची लढाई निराळी समजावून सांगावी लागत नाही. कालव्याचे पाणी शेतात सोडले गेले, पॅटन रणगाडे चिखलात अडकले, आणि उभ्या उसात दडलेल्या भारतीय तोफांनी ते टिपले.

सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे सेंच्युरियन होते. सुमारे 50 टनांचा गाडा, आत चार माणसे. झाकण बंद केले की जीव सुरक्षित, पण दृष्टी अरुंद. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर डोके बाहेर काढून लढत. 11 सप्टेंबरला फिलोरा येथे जखमी होऊनही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. 16 सप्टेंबरला बुतूर डोग्रांडीजवळ ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रेजिमेंटने शत्रूचे सुमारे 60 रणगाडे निकामी केले व आपले 9 गमावले, असे सन्मानपत्र सांगते. चविंडा मात्र अखेरपर्यंत हाती आले नाही, हेही नोंदवलेच पाहिजे. पराक्रम आणि फलित यांची गल्लत करणे आम्हांस इतिहासाचा अपमान वाटतो.

सहा वर्षांनी, 16 डिसेंबर 1971 रोजी, बसंतरच्या काठी याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल लढत होते. जन्म पुण्याचा, वय 21. रणगाड्याने पेट घेतला, तो सोडण्याचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे, असे त्यांनी बिनतारी संदेशाने कळविले आणि ते आतच राहिले.